बहात्तराच्या पुढचे आठ चौकोन

पनवेलला मिरची गल्लीच्या तोंडाशी एक तीन मजली इमारत आहे. ती आता पाडणार आहेत. तिच्या दुसऱ्या मजल्यावर मी बारा वर्षं कोबॉल नावाची संगणकाची भाषा शिकवली. जागामालकाच्या मुलाचा फोन आला की पोटमाळ्यावर माझे कागद आहेत, रविवारपर्यंत न्यावेत, नाहीतर भंगारात जातील. भंगारातच जाऊ देत, असं ओठावर आलं होतं. जुन्या वस्तू छातीशी धरून उसासे टाकणाऱ्यांतला मी नाही. ते दिवस गेले याचं मला बरंच वाटतं. पण घरात रंगकाम चाललं होतं आणि बाहेर पडायला काहीतरी निमित्त हवं होतं, म्हणून गेलो. त्या कागदांत एका विद्यार्थिनीने मला केलेली एक विनंती होती. ती मी पस्तीस वर्षं वाचलेली नव्हती.

जिन्यात पाय ठेवला आणि शिंक आली. तळमजल्यावर पूर्वी मिरचीची वखार होती. उन्हाळ्यात वर्षाचं तिखट करायला बायका पोती उलगडून मिरच्या निवडत बसत, खकाणा जिन्याने वर चढे आणि आमचा सगळा वर्ग एकदम शिंके. आता तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात. मिरची जाऊन वीस वर्षं झाली असतील, पण भिंतींनी ती अजून सोडलेली नाही.

गल्लीतला पहिला एसी आमच्या वर्गात लागला होता. तो माणसांसाठी नाही, यंत्रासाठी आहे, हे आम्ही येणाऱ्या प्रत्येकाला बजावत असू. त्याचं पाणी खिडकीतून खाली मिरचीच्या पोत्यांवर ठिबकायचं. वखारीचे शेठ मान वर करून शांतपणे विचारायचे, "मास्तर, तुमच्या कॉम्प्युटरला आज पुन्हा घाम फुटला का?"

वर्गाच्या उद्घाटनाला गावातले एक पुढारी आले होते. त्यांनी संगणकाला झेंडूचा हार घातला, पडद्याला हळदकुंकू लावलं आणि हातात नारळ घेऊन फोडायला टणक जागा शोधू लागले. त्यांची नजर संगणकावर स्थिरावलेली पाहून मी मध्ये पडलो, म्हणून तो उंबऱ्यावर फुटला. भाषणात त्यांनी एकविसाव्या शतकाचं स्वागत केलं. ते बोलत असतानाच वीज गेली, आणि शतकाला थोडा उशीर होणार हे सगळ्यांनी समजून घेतलं. पडद्याच्या कडेला बसलेलं ते कुंकू मी पुढे कितीतरी महिने सुईने कोरून काढत होतो.

त्या दिवसापासून चपला बाहेर काढायची पद्धत पडली. धुळीने यंत्र बिघडतं असं आम्ही सांगायचो. खरं म्हणजे ज्याला हार घातला त्याच्यासमोर चपला घालून जाणं कुणाच्याच मनाला पटत नव्हतं. मग जिन्यावर चपलांची रांग लागे, आणि त्या रांगेवरून वर्गात कोण कोण आलंय ते कळे. लाल चिखल वाळलेल्या असल्या तर नेरे गावाकडची मंडळी आली. मासळीचा वास आला तर मोरा बंदरावरचा देविदास आला, म्हणजे त्याची एसटी आज वेळेवर सुटली. आणि सगळ्यांत कडेला, टाचा भिंतीला लावून, मोजून ठेवल्यासारखी एक काळी जोडी असे. ती शमीमची.

थंडीत वर्गाला वेगळा वास यायचा. नेऱ्याचा जनार्दन, दोन मुलांचा बाप, कारखान्यातली पहिली पाळी संपवून यायचा, आणि शेतावर पोपटी लावली, म्हणजे मडक्यात पाला घालून शेंगा भाजल्या, की दुसऱ्या दिवशी फडक्यात बांधून वालाच्या शेंगा आणायचा. भांबुर्ड्याच्या पाल्याचा तो उग्र वास एसी खोलीत कोंडून राहायचा. संगणकावर हात लावण्यापूर्वी हात धुवा, असं मी ओरडायचो. हात धुवून ते बसायचे, तरी एका कळफलकाच्या फटीत शेंगेचं एक साल कायमचं राहिलं होतं.

यंत्रं दोन आणि शिकणारे तीस. प्रत्येकाच्या वाट्याला आठवड्याला वीस मिनिटं. बाकीचा सगळा संगणक आम्ही कागदावर शिकवला. त्यासाठी छापील कागद मिळत, फिकट हिरव्या चौकोनांचे. एका ओळीत ऐंशी चौकोन, एका चौकोनात एक अक्षर. पहिले सहा ओळींच्या आकड्यांसाठी, सातवा खुणेसाठी, आठ ते बहात्तर यांत खरा मजकूर. उरलेले आठ चौकोन, त्र्याहत्तर ते ऐंशी, यंत्र वाचतच नाही. फार पूर्वी पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडून मजकूर भरत, तेव्हा कार्डांची ओळख त्या जागेत लिहीत. कार्डं गेली, जागा राहिली. मी वर्गात ठासून सांगायचो, बहात्तराच्या पुढचं यंत्राला दिसत नाही, तिथे तुम्ही मला शिव्या घातल्यात तरी त्याला पत्ता लागणार नाही. वर्ग हसायचा. दर वर्षी तोच विनोद, दर वर्षी तेच हसणं.

कागद तपासताना मीही बहात्तराला थांबायचो. तीस जणांचे कागद, प्रत्येकाची आठ-दहा पानं. डोळ्यांना वळणच पडलं होतं. हिरव्या ठळक रेघेपर्यंत जायचं आणि खालच्या ओळीवर उतरायचं. माझ्यात आणि यंत्रात फरक एवढाच होता, की मला एसीत बसायची परवानगी त्याच्यामुळे मिळाली होती.

कोबॉलचा इतिहास मी पहिल्याच दिवशी सांगायचो, कारण त्याला यंत्र लागत नसे. अमेरिकेत एका कमिटीने ही भाषा बसवली. कचेऱ्यांची, गुदामांची, पगारांची कामं संगणकाला सांगता यावीत म्हणून. तोवरच्या भाषा गणितासारख्या दिसत. ही साध्या इंग्रजी वाक्यांसारखी लिहायची, म्हणजे साहेबांनाही वाचता येईल, अशी कल्पना. माझ्या माहितीत एकाही साहेबाने ती कधी वाचली नाही. पण साहेब वाचतील या आशेवर ती इतकी लांबलचक झाली, की पोरांची मनगटं दुखायला लागायची. आणि गंमत म्हणजे कमिटीला ती थोड्या दिवसांपुरतीच हवी होती. पुढे सवडीने चांगली भाषा करू, तोवर ही चालवून घ्या. तात्पुरतं म्हणजे काय, हे पनवेलकराला समजावून द्यावं लागत नाही. पळस्प्याला गोव्याचा रस्ता फुटतो, तिथली तात्पुरती वळणं वापरून आमच्या दोन पिढ्या गणपतीला कोकणात गेल्या.

भाषेतला सगळ्यांत लाडका शब्द 'मूव्ह'. एका नावाच्या जागेतलं दुसऱ्या जागेत हलव. या जागा म्हणजे काय ते समजावं म्हणून मी स्वयंपाकघरातले डबे डोळ्यांसमोर आणायला सांगायचो. जनार्दनने घरी जाऊन खरोखरच डबे मांडले. दुसऱ्या दिवशी उभा राहून म्हणाला, "सर, ही भाषा खोटी बोलते. या डब्यातलं त्या डब्यात हलवलं म्हनते, आनि पयल्या डब्यात तेवढंच ऱ्हातं. आमच्याकडं असं होत नाय." तो बरोबर होता. मूव्ह काही हलवत नाही, नक्कल करते. वर्गातला कुणीतरी म्हणाला की असा कधी न संपणारा डबा बायकोला नेऊन दे, आणि मग अर्धा तास शिकवणं झालं नाही.

शमीम अशा वेळी खाली मान घालून हसायची. तिच्या वडिलांचं बंदर रोडला दोरखंडांचं दुकान होतं. त्या दुकानावरून जाताना आधी काथ्याचा गोडसर, धुळकट वास यायचा, पुढे पुढे नायलॉनचा वास यायला लागला, म्हणजे कसलाच नाही. ती टोकदार पेन्सिलने लिहायची, आणि तिचा कागद छापल्यासारखा दिसायचा. वर्गात प्रश्न विचारत नसे. वर्ग संपला की आपली काळी जोडी पायात सरकवून कुणाच्याही आधी जिना उतरायची. परीक्षेत ती पहिली आली. प्रमाणपत्र वाटपाच्या दिवशी तिचं नाव दोनदा पुकारलं, कुणी उठलं नाही. तिसऱ्यांदा पुकारण्याआधी पाहुण्यांनी घड्याळ पाहिलं, म्हणून पुढचं नाव घेतलं. मुली अशा मध्येच दिसेनाशा व्हायच्या. कारण विचारायचा रिवाज नव्हता. मीही विचारलं नाही.

नंतर वर्गही दिसेनासा झाला. नव्या भाषा आल्या, नवे क्लास आले, त्यांच्या जिन्यावर चपला काढाव्या लागत नव्हत्या. आमचे विद्यार्थी बाजारात भेटायचे. कुणी रंगाचं दुकान टाकलेलं, कुणी पोस्टात, देविदास परत मोऱ्याला जेटीवर. "सर, मूव्ह अजून पाठ आहे," असं सांगायचे, आणि मला जमिनीत शिरावंसं वाटायचं. मी तीस-तीसच्या तुकड्यांना मेलेली भाषा शिकवली, तीही कागदावर, हा सल मनात बसला तो बसलाच. शतक संपताना वर्षाचे दोनच आकडे लिहिल्याचा घोळ निस्तरायला जगाला अचानक कोबॉलची जुनी माणसं हवी झाली. वर्तमानपत्रात ते वाचून मी दोन दिवस ऐटीत फिरलो. मग घोळ निस्तरला गेला आणि ऐटही.

तर पोटमाळा. गठ्ठे होते सहा, सुतळीने बांधलेले. वाळवीने मजकुराच्या बाबतीत आवडनिवड केलेली नव्हती, दोन गठ्ठे पूर्ण खाल्ले होते. उरलेल्यांतला एक सोडला तर वर शमीमचे कागद. खिडकीच्या उजेडात धरले, आणि पस्तीस वर्षांत पहिल्यांदा माझे डोळे बहात्तराला थांबले नाहीत. तपासायचं काही नव्हतं ना.

त्या आठ चौकोनांत तिने मराठी लिहिलं होतं. एका चौकोनात एक अक्षर, आठ भरली की पुढचं खालच्या ओळीत. सुरुवातीला टवाळी होती. सरांनी आज पुन्हा तोच विनोद केला. सरांच्या शर्टाला कालचीच शाई. मला जोरात हसू आलं, आणि मी फळीवर बसून एकेक पान उलटायला लागलो. पुढे अक्षरं बारीक होत गेली. शेवटच्या स्वाध्यायाच्या पानावर वरपासून खालपर्यंत एकच मजकूर उतरला होता. परीक्षा झाली की माझं लग्न. मुलगा दुबईला असतो. मला कुणी विचारलं नाही. मला नोकरी करायची आहे. सर, अब्बा तुम्हाला मानतात. घरी येऊन त्यांना सांगा.

त्याखाली माझ्या हस्ताक्षरात, लाल शाईने, शेरा होता. उत्तम. मात्र बहात्तराच्या पुढचे रकाने रिकामे ठेवावेत.

म्हणजे तिथे काहीतरी लिहिलंय, हे मला दिसलं होतं. मी ते वाचलं नव्हतं.

घरी आलो तर रंगाचा वास सगळीकडे भरलेला. जेवण गेलं नाही. बायकोने विचारलं, तेव्हा तिला कागद दाखवला. तिने पूर्ण वाचला, शेरासुद्धा, आणि म्हणाली, "उद्या जाऊन या. इथे बसून तोंड पाडून काही होणार नाही." प्रमाणपत्राच्या दिवशीचं ते दोनदा पुकारलेलं नाव माझ्या कानात घुमत होतं. तिला कुठे पाठवलं असेल, कशी राहिली असेल, ती आहे की नाही, असल्या विचारांत मी पहाटेच्या चहापर्यंत पोचलो.

बंदर रोडचं दुकान आहे तिथेच आहे. गल्ल्यावर शमीमचा धाकटा भाऊ होता, तोही आता साठीकडे झुकलेला. त्याला मी ओळख सांगितली, आणि धीर करून विचारलं, शमीम कशी आहे.

"आपाला काय धाड भरलीय?" तो म्हणाला. "सकाळीच येऊन माझ्यावर ओरडून गेली. पाण्याचं बिल मी भरलं नाही म्हणून."

ती खांदा कॉलनीत राहत होती. माझ्या घरापासून रिक्षाने दहा मिनिटं. इतकी वर्षं आम्ही बहुधा एकाच बाजारातून भाजी घेत होतो.

दार तिनेच उघडलं. केस पांढरे, चष्मा, गळ्यात कानाला लावायचं यंत्र लटकलेलं, ते ऑफिसच्या कामासाठी. मला ओळखायला तिला वेळ लागला नाही, आणि तिने केलेला सलाम बघून मी लाजलो. चहा आला. इकडचं तिकडचं बोलणं झालं, गुडघे, मुलं, पनवेलच्या रस्त्यांवरचे खड्डे. मग मी पिशवीतून तो कागद काढून तिच्यासमोर ठेवला आणि म्हणालो की हा मी काल वाचला.

तिने चष्मा कपाळावर सरकवला, कागद डोळ्यांजवळ नेला आणि ओढणी तोंडावर धरून इतकी हसली, की आतून तिचे यजमान काय झालं म्हणून बघायला आले.

"काल?" ती म्हणाली. "सर, तुमचं काम अगदी यंत्रासारखं. रांगेत थांबायला लागतं, पण नंबर येतो."

मी हसलो नाही. मला विचारायचं होतं ते विचारलं, की मग तुझं काय झालं.

ती सांगत गेली. अर्ध्या मनाने वाटत होतं सरांनी वाचावं, अर्ध्या मनाने वाटत होतं वाचू नये, म्हणूनच ती जागा निवडली होती. लाल शेऱ्याचा कागद वर्गात बघायला मिळाला, तो रिवाजाप्रमाणे परत जमा करून ती निघाली, तेव्हा रस्त्यात हसली आणि मग रडली. मग तिच्या लक्षात आलं, की आता हे बोलायला जगात दुसरं कुणी उरलेलं नाही. घरी जाऊन जेवायच्या वेळी सगळ्यांसमोर तिने अब्बांना सांगितलं. तोंडाने, मोठ्याने. तिसऱ्या दिवशी त्यांनी तिला दुकानात बोलावलं आणि व्यापाऱ्याने विचारावा तसा एकच प्रश्न विचारला, की तू शिकलीस तो माल किती दिवस टिकेल.

"मला कुठे माहीत होतं, सर? म्हटलं, काथ्याचा दोर टिकला तितका. अब्बा हसले. काथ्याचा धंदा त्यांच्या डोळ्यांदेखत बसला होता. म्हणाले, ठीक आहे, तुझं नायलॉन येईपर्यंत कर नोकरी."

प्रमाणपत्र वाटपाच्या दिवशी ती मुंबईला मुलाखतीला गेली होती. तिथे प्रमाणपत्र कुणी मागितलंच नाही. सगळ्यांना एकेक कागद दिला आणि प्रोग्रॅम लिहायला सांगितला. बाकीच्यांना समोर यंत्र नसल्यामुळे सुचेना. ती मिरची गल्लीत शिकलेली, तिने पाऊण तासात लिहून दिला. एका बँकेच्या संगणक विभागात ती लागली, आणि आज पंचावन्नच्या पुढे गेल्यावरही तेच काम करते, फक्त आता घरी बसून, दुसऱ्या देशातल्या बँकेसाठी.

"कोबॉल?" मी विचारलं.

"कोबॉलच."

"नायलॉन आलं नाही?"

"दर वर्षी येतं, सर. जुनी सिस्टिम बंद म्हणून मोठा केक कापतात, सगळ्यांना टी-शर्ट वाटतात, कुणीतरी मोठा साहेब पडद्यावर भाषण करतो. मग सहा महिन्यांनी हळूच मला फोन येतो. माझ्याकडे असे नऊ टी-शर्ट आहेत. फरशी पुसायला चांगले आहेत."

तिचे यजमान चहाचे कप उचलायला आले. मी नमस्कार केला. ते आत गेल्यावर मी दबक्या आवाजात विचारलं, की ते दुबईचं स्थळ मग मोडलं असेल.

"कसलं मोडतंय? तेच ना हे," तिने आतल्या दाराकडे हनुवटी उडवली. "मी म्हटलं, नोकरी करणार, थांबायचं तर थांबा. चार वर्षं थांबले. थांबणारा माणूस आहे म्हटल्यावर मग मीच हो म्हटलं."

आतून कप विसळल्याचा आवाज येत होता. पण एक गोष्ट विचारल्याशिवाय मला उठता येईना. मी म्हणालो, "शमीम, मी तेव्हा वाचलं असतं तर?"

तिने हसणं थांबवलं आणि नीट विचार केला. हिशोब तपासून मगच सही करणाऱ्या माणसाचा असतो तसा तिचा चेहरा झाला होता.

"तर तुम्ही आला असता, सर. तुम्ही भले माणूस. अब्बांनी तुमचं ऐकलंही असतं. आणि मग घरात जन्मभर हेच राहिलं असतं, की मास्तर आले म्हणून पोरीला नोकरी करू दिली. प्रत्येक वेळी मला तुम्हाला बोलवून आणावं लागलं असतं. बरं झालं वाचलं नाहीत."

मग तिच्या कामाची वेळ झाली. तिकडची बँक उघडली होती. तिने मला दारापर्यंत सोडलं, कागद मागून घेतला आणि मुलीला दाखवते म्हणाली.

मी रिक्षा केली नाही, चालत आलो. वाटेत एका हातगाडीवर दोन प्लेट भजी खाल्ली, एकामागून एक, उभ्याउभ्याच. आदल्या दिवसाचं जेवणही बाकी होतं. घरी रंगारी शेवटचा हात मारत होते. बायको दारातच उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि काय झालं म्हणून विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो. "त्या मुलीचं फार चांगलं झालं. आणि त्यात माझा काहीसुद्धा हात नव्हता."

ती म्हणाली, "मग एवढे खूश का?"

मी चप्पल काढली, ओल्या रंगाला हात लागू न देता आत गेलो आणि भर दुपारी गाढ झोपलो.